लोदी उद्यानाशेजारचे केंद्र

दिल्लीच्या लोदी उद्यानात सय्यद आणि लोदी सुलतानांच्या काळातील घुमट आहेत, जुने वृक्ष आहेत आणि सकाळ-संध्याकाळ फिरायला येणाऱ्यांची वर्दळ आहे. या उद्यानाला लागून मॅक्स म्युलर मार्गावर एक वास्तू उभी आहे. ती फारशी उंच नाही आणि रस्त्यावरून जाणाऱ्याच्या नजरेत चटकन भरेल अशीही नाही. दगडी भिंती, निळसर जाळी आणि झाडांच्या आड गेलेले प्रवेशद्वार असे तिचे स्वरूप आहे. एखाद्याला ती सरकारी कचेरी वाटेल, तर एखाद्याला श्रीमंतांचा क्लब. या वास्तूचे नाव इंडिया इंटरनॅशनल सेंटर. देशातील आणि परदेशांतील विद्वान, कलावंत, शास्त्रज्ञ आणि लोकसेवक साठ वर्षांहून अधिक काळ येथे बोलत आले आहेत. त्यांचे बोलणे ऐकायला बहुतेक वेळा तिकीट लागत नाही. हे दुसरे वाक्य पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे, आणि या पाठाचा बराचसा भाग त्याविषयीच आहे.

या केंद्राची कथा सांगताना एका मराठी माणसापासून सुरुवात करावी लागते. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगड किल्ल्याच्या परिसरातील नाते या गावी झाला. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते मुंबई विश्वविद्यालयात पहिले आले आणि संस्कृतसाठीची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. पुढे केंब्रिजमध्ये त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला व वनस्पतिशास्त्रात पारितोषिक पटकावले. १९१८ च्या आय. सी. एस. परीक्षेतही त्यांचा क्रमांक पहिला होता. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५० मध्ये केंद्रीय अर्थमंत्री. पदे आणि मानसन्मान यांची ही यादी आणखी वाढवता येईल. परंतु महाराष्ट्राने त्यांना लक्षात ठेवले ते एका राजीनाम्यामुळे. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही, असा निर्णय केंद्र सरकारने घेतला, तेव्हा १९५६ साली त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले. त्यांच्या विरोधाचे कारण केवळ निर्णय नव्हे, तर तो ज्या रीतीने घेतला गेला ती रीतही होती.

सत्तेतून बाहेर पडल्यावर देशमुख विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले आणि नंतर १९६२ ते १९६७ या काळात दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. याच सुमारास त्यांच्या मनात एका वेगळ्या संस्थेची कल्पना आकार घेत होती. देश स्वतंत्र होऊन जेमतेम दहा-बारा वर्षे झाली होती. विद्यापीठे होती, सरकारी खाती होती, राजकीय पक्षांची व्यासपीठे होती. यांपैकी कोणाचेही मिंधे नसलेले, जेथे भिन्न मतांची माणसे एकत्र बसून बोलतील, असे स्थान मात्र राजधानीत नव्हते. अमेरिकेतील दानशूर गृहस्थ तिसरे जॉन डी. रॉकफेलर यांनी टोकियोमध्ये अशाच स्वरूपाच्या एका संस्थेला साहाय्य केले होते. भारतातही तसे केंद्र व्हावे, यासाठी त्यांची आणि तत्कालीन उपराष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांची चर्चा झाली. रॉकफेलर प्रतिष्ठानाने अनुदान दिले, सरकारने जागा दिली आणि देशमुख संस्थापक अध्यक्ष झाले. ३० नोव्हेंबर १९६० रोजी जपानचे तत्कालीन युवराज अकिहितो यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २२ जानेवारी १९६२ रोजी डॉ. राधाकृष्णन यांनी केंद्राचे उद्घाटन केले.

पैसा काही अंशी परदेशी, जमीन सरकारी. मग संस्था स्वतंत्र कशी राहणार, असा प्रश्न चिकित्सक वाचकाच्या मनात येईल. तो रास्तही आहे. त्याचे उत्तर संस्थेच्या रचनेत शोधावे लागते. केंद्र हे सरकारी खाते नाही. सभासदांच्या वर्गणीवर आणि स्वतःच्या उत्पन्नावर ते चालते. विद्यापीठांसारख्या संस्थांनाही तेथे सभासदत्व आहे. तत्त्वासाठी मंत्रिपद सोडणारा माणूस पहिला अध्यक्ष असणे, हीसुद्धा एक प्रकारची घटनाच म्हणावी लागेल. ती कागदावर लिहिलेली नव्हती, इतकेच.

वास्तूचे शिल्पकार जोसेफ ॲलन स्टाइन हे मूळचे अमेरिकेचे. १९५२ साली ते बंगालमधील शिवपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात वास्तुकला शिकवण्यासाठी आले, पुढे दिल्लीत स्थायिक झाले आणि आयुष्याची उरलेली दशके त्यांनी भारतात घालवली. लोदी उद्यानाच्या आसपास त्यांनी इतक्या वास्तू उभारल्या, की जाणकार लोक त्या भागाला गमतीने ‘स्टाइनाबाद’ म्हणतात. इमारत ही बागेतून उगवल्यासारखी दिसावी, असा त्यांचा आग्रह असे. केंद्रात एका दालनातून दुसऱ्या दालनाकडे जाताना मधे हिरवळ लागते, जलाशय लागतो, कोठे वेल चढलेली भिंत लागते. दिल्लीचे ऊन प्रखर. म्हणून जाळीतून गाळलेला प्रकाश आत घेतलेला आहे. ही जाळी मोगल आणि राजपूत वास्तूंत आपण पाहिलेलीच असते. येथे ती नव्या साहित्यातून आणि साध्या भौमितिक आकारांत आली आहे. वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक मिळवणारा अध्यक्ष आणि बागेवर प्रेम करणारा वास्तुशिल्पकार यांची गाठ पडली, हा योग चांगलाच म्हणायचा.

आता येथे काय घडते ते पाहू. केंद्रातील कार्यक्रमांचे ठोकळमानाने तीन प्रकार पडतात : व्याख्याने व चर्चा, प्रदर्शने, आणि संगीत, नृत्य, नाट्य यांचे प्रयोग. शिवाय चित्रपटही दाखवले जातात. यांपैकी व्याख्यान हा प्रकार दिसायला सर्वांत साधा, पण रचनेच्या दृष्टीने सर्वांत अवघड.

मराठी श्रोत्याला व्याख्यान नवे नाही. पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि तिचे अनुकरण गावोगाव झाले. आजही अनेक लहान शहरांत उन्हाळ्यात किंवा गणेशोत्सवात व्याख्यानमाला होतात आणि जेवणे आटोपून लोक सतरंजीवर येऊन बसतात. त्याहून जुनी परंपरा कीर्तनाची. नारदीय कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग असतात. पूर्वरंगात बुवा एखादा अभंग किंवा पद घेऊन त्यातील सिद्धांताचे निरूपण करतात; उत्तररंगात तोच सिद्धांत आख्यानाच्या रूपाने श्रोत्यांपुढे उभा करतात. चांगले व्याख्यान नीट ऐकले, तर त्यातही हीच घडण आढळते. वक्ता प्रथम प्रश्न मांडतो, संज्ञा स्पष्ट करतो. नंतर एखादी घटना, एखादे गाव, एखादा दस्तऐवज घेऊन तो प्रश्न जिवंत करतो. ज्या व्याख्यानात नुसताच पूर्वरंग असतो, ते विद्वत्तापूर्ण असले तरी श्रोता चुळबुळू लागतो. ज्यात नुसताच उत्तररंग असतो, त्याला टाळ्या पडतात आणि दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही.

कीर्तन आणि व्याख्यान यांत एक मोठा फरक मात्र आहे. कीर्तनात श्रोता प्रश्न विचारत नाही. केंद्रातील व्याख्यानात बोलणे संपल्यावर अध्यक्ष सभागृहाकडे वळतात आणि श्रोत्यांना प्रश्न विचारण्याची संधी देतात. खरी कसोटी येथूनच सुरू होते. वक्त्याने जे गृहीत धरले होते, त्यावर कोणीतरी बोट ठेवतो. कधी एखादे सेवानिवृत्त अधिकारी प्रश्नाच्या नावाखाली स्वतःचेच लहानसे व्याख्यान देऊ लागतात आणि अध्यक्षांना त्यांना नम्रपणे आवरावे लागते. हा प्रकार कोणत्याही सभागृहात टळत नाही. पण कधी मागच्या रांगेतून एखादी विद्यार्थिनी दोनच वाक्यांत असे काही विचारते, की वक्ता क्षणभर थांबतो आणि म्हणतो, “याचा मी विचार केला नव्हता.” अशी कबुली ऐकायला मिळणे, हे एका संध्याकाळचे भरपूर मोल आहे.

देशमुखांच्या स्मरणार्थ केंद्रात वार्षिक व्याख्यान होते. केंद्रातील सभागृहालाही त्यांचे नाव आहे. निवडक व्याख्याने छोट्या पुस्तिकांच्या रूपाने छापली जातात. शिवाय केंद्राचे एक इंग्रजी त्रैमासिक १९७४ पासून निघते. अलीकडे अनेक व्याख्यानांचे चित्रमुद्रण इंटरनेटवरही ठेवले जाते. त्यामुळे गुवाहाटीत किंवा कोचीत राहणाऱ्या विद्यार्थ्यालाही ती ऐकता येतात. प्रश्न विचारता येत नाही, एवढीच त्यातली उणीव.

व्याख्यानांतून नव्या संस्थाही जन्माला येतात. देशमुखांच्या पत्नी दुर्गाबाई देशमुख या स्वातंत्र्यसैनिक, संविधान सभेच्या सदस्य आणि केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा. समाजसेवक आणि समाजशास्त्रज्ञ यांचा एक अभ्यासगट १९६२ साली त्यांच्या पुढाकाराने केंद्राच्या छायेत जमू लागला. प्रत्यक्ष काम करणारे आणि त्या कामाचा अभ्यास करणारे यांची भेट घडवणे, हा त्याचा हेतू होता. त्यातूनच पुढे सामाजिक विकास परिषद ही संस्था उभी राहिली आणि तिची स्वतंत्र इमारत केंद्राच्या जवळच आहे.

प्रदर्शनाचे तंत्र वेगळे. व्याख्यानात वेग वक्त्याच्या हाती असतो. प्रदर्शनात तो पाहणाऱ्याच्या हाती असतो. एका चित्रापुढे पाव तास उभे राहिलात तरी कोणी हटकणार नाही. केंद्रात चित्रे, छायाचित्रे, मुद्राचित्रे, वस्त्रे, हस्तकला, जुने नकाशे, अशा नाना विषयांची प्रदर्शने भरतात. त्यांतील एका भागाला कमलादेवी चट्टोपाध्याय यांचे नाव आहे. स्वातंत्र्यानंतर देशभरातील विणकर, कुंभार, कासार यांच्या कलांना पुन्हा उभारी देण्यासाठी कमलादेवींनी आयुष्य वेचले. तेव्हा हे नाव तेथे शोभते. उघड्यावरील एका जागेला गांधी-किंग प्लाझा असे नाव आहे. मार्टिन ल्यूथर किंग १९५९ साली गांधीजींचा देश पाहायला भारतात आले होते. आज त्या दोघांच्या नावाच्या जागेत झाडांखाली छायाचित्रे मांडली जातात आणि वाऱ्याने पाने पडतात ती फलकांवरही पडतात.

प्रदर्शन कसे पाहावे, हे शाळेत सहसा कोणी शिकवत नाही. बहुतेक लोक भिंतीच्या कडेने चालत जातात, प्रत्येक चित्रापाशी सारखाच वेळ थांबतात आणि बाहेर पडताना दमलेले असतात. त्यापेक्षा एकदा सर्व दालनातून भराभर फिरून यावे आणि जे दोन-तीन नमुने मनात राहिले असतील त्यांच्याकडे परत जावे. प्रत्येक चित्राजवळ एक छोटी चिठ्ठी असते. तीवर कलावंताचे नाव, चित्राचे शीर्षक, वर्ष, माध्यम आणि आकार इतकेच लिहिलेले असते. ही चिठ्ठी आधी वाचू नये, असे मला वाटते. आधी डोळ्यांनी पाहावे. हे कागदावर आहे की कापडावर, रंग पातळ आहे की दाट, चित्रकाराला घाई होती की निवांतपणा, याचा अंदाज करावा आणि मग चिठ्ठी वाचावी. अंदाज चुकला तर उत्तमच. चूक कळली की पाहणे अधिक तीक्ष्ण होते. जाणकार याविषयी वेगळे मत देतील. चिठ्ठीशिवाय चित्र म्हणजे पत्त्याशिवाय पत्र, असेही कोणी म्हणेल. दोन्ही रीतींनी पाहून तुम्हीच ठरवावे.

प्रयोगांविषयी थोडक्यात सांगतो, कारण संगीत आणि नृत्य यांचे वर्णन वाचून फारसे हाती लागत नाही. हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीत, भरतनाट्यम, कथक, ओडिसी यांसारखी नृत्ये, नाटके आणि लोककला यांचे प्रयोग येथे होतात. एकाच संध्याकाळी दोन तरुण कलावंतांना संधी देण्याची पद्धत मला विशेष आवडते. मोठ्या नावांसाठी मोठी सभागृहे आणि महाग तिकिटे असतातच. ज्याने दहा-पंधरा वर्षे गुरूपाशी तालीम घेतली आहे, पण ज्याचे नाव अजून कोणी ऐकलेले नाही, त्याने गावे कोठे? अशा कलावंताला दोनशे जाणकार कान मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. शरद ऋतूत केंद्राचा कला-उत्सवही होतो. त्यात प्रदर्शने, संगीत, नृत्य, चित्रपट आणि निरनिराळ्या प्रांतांचे भोजन असे सारे एकत्र येते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हे सारे कोणासाठी? केंद्राचे सभासदत्व मर्यादित आहे. त्यासाठी अनेक वर्षे प्रतीक्षा करावी लागते. तेथील भोजनगृह, वसतिगृह आणि ग्रंथालय मुख्यतः सभासदांसाठी आहेत. व्याख्यानांची भाषा बहुधा इंग्रजी असते. या गोष्टी लपवण्यात अर्थ नाही. देशाच्या राजधानीतील एवढे समर्थ व्यासपीठ देशी भाषांना अधिक वेळा मिळायला हवे होते, ही खंत मनात राहतेच. ज्या देशमुखांनी संस्कृतात काव्यरचना केली आणि कालिदासाच्या ‘मेघदूता’चा मराठी अनुवाद केला, त्यांच्या नावाच्या सभागृहात तर ती अधिकच जाणवते. परंतु सभासदत्व आणि श्रोतेपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही तितकेच खरे. केंद्रातील बहुतेक व्याख्याने, प्रदर्शने आणि अनेक प्रयोग सर्वांसाठी खुले असतात आणि विनामूल्य असतात. काहींसाठी आधी नाव नोंदवावे लागते. एरवी जो आधी येईल त्याला जागा मिळते. पहिल्या रांगेतील काही खुर्च्या राखून ठेवलेल्या असतात, बाकीच्या कोणाच्याही असतात.

अडचण असते ती पाटीची नव्हे, मनाची. एम. ए. होऊन मी दिल्लीत नवा आलो होतो, त्या काळातील गोष्ट. एका सभागृहात भाषाशास्त्रावर व्याख्यान होते. विषय माझाच. मी दारापर्यंत गेलो, आतली मंडळी, त्यांचे कपडे, त्यांचे सराईत इंग्रजी पाहिले आणि परत फिरलो. मला कोणी अडवले नव्हते. कोणी माझ्याकडे पाहिलेही नव्हते. पहाडगंजमधील आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहत. सगळे त्यांना बाई म्हणत. त्यांना ही हकिकत सांगितली, तेव्हा त्या म्हणाल्या, “अरे, दारावर ‘सर्वांना प्रवेश’ असे लिहिले होते ना? मग सर्वांत तू येत नाहीस का?” पुढच्या महिन्यात त्या स्वतः माझ्याबरोबर आल्या. नऊवारी साडी नेसून, हातात कापडी पिशवी घेऊन त्या तिसऱ्या रांगेत बसल्या, व्याख्यान अर्धे-अधिक कळले नाही असे त्यांनी नंतर मोकळेपणाने सांगितले, आणि तरीही वही काढून तीन शब्द टिपून घेतले होते. ते शब्द त्यांनी घरी आल्यावर मला समजावून द्यायला लावले.

मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट मुद्दाम सांगितली. तुमच्यापैकी अनेक जण दिवसा दुकानात, कारखान्यात किंवा घरी काम करतात आणि अभ्यासाला रात्रीचा वेळ उरतो. रोजचा वर्ग नाही, रोजचे शिक्षक नाहीत. अशा विद्यार्थ्याला सार्वजनिक व्याख्यान जवळचे वाटायला हवे, कारण तेथेही हजेरीपट नाही, प्रवेशपरीक्षा नाही आणि वयाची अट नाही. हे कार्यक्रम बहुधा संध्याकाळी, कामावरून सुटल्यावर गाठता येतील अशा वेळी सुरू होतात. दिल्लीतील वाचकांना येलो लाइनवरील जोरबाग मेट्रो स्थानक त्यासाठी सोयीचे आहे.

दिल्लीबाहेर राहणाऱ्यांनीही निराश होऊ नये. भोपाळचे भारत भवन १९८२ साली सुरू झाले. वास्तुशिल्पकार चार्ल्स कोरिया यांनी ते तलावाच्या उतारावर असे बांधले आहे, की वरून पाहिल्यास इमारत दिसतच नाही, केवळ अंगणे आणि पायऱ्या दिसतात. तेथील कलादालनात आदिवासी चित्रकार आणि शहरी चित्रकार यांची चित्रे एकाच छपराखाली आहेत. पणजीत मांडवीच्या काठावरील कला अकादमीची वास्तूही कोरिया यांचीच. मुंबईत नरिमन पॉइंटला राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्र म्हणजे एन. सी. पी. ए. आहे, पु. ल. देशपांडे काही काळ त्याचे मानद संचालक होते. दिल्लीतच मंडी हाउसजवळ त्रिवेणी कला संगम आहे; त्याची वास्तूही स्टाइन यांनीच रचली. तुमच्या गावात यांतले काहीच नसेल, तर नगर वाचनालयाचा सूचनाफलक पाहावा. वार्षिक व्याख्यानमालेचे पत्रक बहुधा तेथेच लावलेले असते, आणि ते फार दिवस कोणी वाचलेले नसते.

जाताना एक वही न्यावी. वक्त्याचे नाव, विषय, तारीख आणि न समजलेले शब्द तीत लिहावेत. पटलेले मुद्दे आपोआप लक्षात राहतात. न पटलेले मात्र लिहून ठेवावे लागतात. प्रश्न विचारायचा असेल तर तो आधी एका वाक्यात लिहून काढावा आणि तेवढाच वाचावा. मराठीतून विचारायचा झाल्यास अध्यक्षांची परवानगी घ्यावी; सभागृहात मराठी जाणणारा कोणीतरी असतोच आणि तो उठून भाषांतर करतो, असा माझा अनुभव आहे. बाईंनी पुढे एका व्याख्यानात असाच प्रश्न विचारला होता. त्याचे भाषांतर मला करावे लागले. वक्त्याने उत्तर दिले, बाईंनी ते ऐकून घेतले आणि बसताना मला हळूच म्हणाल्या, “त्याला माझा प्रश्न कळलेला नाही. तू नीट सांगितला नाहीस.”